मधले तीन तास

२ मार्च
परत पांढरंच! माझ्या जागी घेतलेल्या बाईंनी चीज काढून उरलेल्या पाण्यात बॅक्टेरिया आणि यीस्ट घातलं. वहीत मी लिहिलंय तस्संच. पाचव्या दिवशी नारंगी रंग यायला हवा, तोच तर विकायचा आहे. नाही आला.
सर हसून म्हणाले, "तुझ्या हाताला गुण आहे. बाईंच्या हातून रंग आला की तुला सोडतो."
अठराला नव्या नोकरीवर हजर व्हायचंय, आणि इथून सोडल्याचं पत्र असल्याशिवाय ते घेणार नाहीत. तिथे कामाच्या आवारातच राहायला खोली आहे. अंथरुणाला खिळलेल्या अण्णांना सोडून पळापळ नको. ती जागा गेली तर संपलंच.

५ मार्च
कळलं. दुधातली साखर यीस्टला पचत नाही. बॅक्टेरिया ती फोडतात, तेव्हा कुठे त्याचं पोट भरतं. दोन्ही एकदम घातलं तर ते उपाशीच मरतं.
मी नऊला बॅक्टेरिया घालते. मागच्या फाटकातून घरी. अण्णांना भरवते, पुसते, कूस बदलून देते. बाराला परत येऊन यीस्ट घालते. वहीत मात्र 'दोन्ही एकदम, नऊ वाजता'. हजेरीवर मी नऊ ते बारा इथेच असते ना!
सांगितलं तर दोन वर्षांची चोरी उघडी. नाही सांगितलं तर इथेच कुजायचं. इकडे आड, तिकडे विहीर.

६ मार्च
अण्णा म्हणाले, "माझ्यापायी अडकलीस तू." छे, काहीतरीच काय, म्हटलं. पण राग त्यांचाच आला. मग स्वतःची लाज वाटली.

९ मार्च
बाई रडल्या. "माझ्यातच काहीतरी खोट आहे हो ताई." पाणी दिलं. तोंड उघडलं नाही. किती नीच आहे मी.

११ मार्च
चिठ्ठी लिहिली. सगळं खरं. काय व्हायचं ते होऊ दे.

१२ मार्च
सर यायच्या आत चिठ्ठी त्यांच्या दाराखालून सरकवायला गेले. एरवी खोलीला कुलूप असतं, आज नव्हतं. आत जाऊन टेबलावर ठेवली. कोपऱ्यातल्या काचेच्या फ्रिजमध्ये एक फ्लास्क. नारंगी. चिकटपट्टीवर सरांचं अक्षर — 'यीस्ट तीन तासांनी घातलं.' तारीख वीस फेब्रुवारी — 'तुझ्या हाताला गुण आहे' म्हणाले त्याच्या आधीची.
चिठ्ठी उचलली आणि नेऊन बाईंच्या हातात दिली.