बिनआवाजाचा पंखा

१२ मार्च २००७, अमरावती

संगणक दोन दिवस खोटं बोलतो आहे, म्हणून लिहून ठेवते.

वलगावच्या रुबीनाला दिसत नाही. तिची बी.ए.ची अर्थशास्त्राची पुस्तकं मी वाचून सीडीवर भरून देते. पेपर २ एप्रिलला. संगणकाच्या पंख्याची घरघर आवाजात येते, म्हणून शनिवारी दुकानदार वकारकडून बिनआवाजाचा पंखा बसवून घेतला. तेव्हापासून सुरू केलं की काळ्या पडद्यावर येतं — प्रोसेसरचा पंखा बंद आहे, पुढे जायचं तर एफ-वन दाबा.

डबा उघडून पाहिला. पंखा फिरतो आहे!

१३ मार्च

वकारला फोन. "दाबा ना मॅडम एफ-वन. सगळेच दाबतेत."

इशारा वाचून तसंच पुढे जायचं, हे मी तीस वर्षं वर्गात कोणाला करू दिलं नाही. संगणक बंद केला.

१४ मार्च

बंदच.

१६ मार्च

वायर काढून पुन्हा लावली. इशारा तोच. दुपारी वीज गेली, चारला आली. पुन्हा तोच. पुस्तकातलं शेतीचं प्रकरण वाचायचं राहिलंय. त्यात म्हणे कापूसवाल्यांची स्थिती सुधारते आहे; इथे रोज आत्महत्यांच्या बातम्या. मशीन खरं, पुस्तक खरं, की माझे डोळे?

१८ मार्च

वकार आला. "हळू फिरते मॅडम, म्हणून तर आवाज नाही. मशीनले वाटते मेला." संगणकाच्या सेटिंगमध्ये कुठे तरी पंख्याच्या कमीत कमी वेगाचा आकडा होता, तो त्याने खाली आणला. इशारा गेला. एवढंच होतं — आणि आठवडा गेला! एक प्रकरण भरलं, सीडी रुबीनाच्या आईबरोबर, म्हणजे शाइस्ताबरोबर, पाठवली.

२० मार्च

रुबीनाचा फोन. "सीडी साफ आहे मॅडम. पण पहिले तुमी थांबल्या तरी घरघर चालूच राहे. समजे, मॅडम पान उलटून राहिल्या. आता वाटते, मले सोडून उठून गेल्या."

"अभ्यासात लक्ष घाल," म्हणाले. फोन ठेवला.

२१ मार्च

जुना पंखा परत बसवून घेतला, नवा वकारला दिला.

"लोक आवाज घालवाले येतेत मॅडम, तुमी आणाले बोलावता. बिघडला का?"

"नाही. चांगला आहे."

२८ मार्च

शाइस्ताच्या हाती दिल्या — अर्थशास्त्र, नऊ सीडी. शेवटच्या सीडीत वाचन संपल्यावर पाच मिनिटं नुसती घरघर ठेवली आहे.