होकारबुवांचा गृहपाठ

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. (आठांपैकी सहा अंगं टेकली. उरलेली दोन कमरेच्या दुखण्यामुळे अधांतरी आहेत, मानून घे.) इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचं घोरणं अजून शेजारच्या घरात ऐकू जातं का? माझ्याकडे हल्ली इतकी शांतता असते की नळ ठिबकला तरी कुणी आलं असं वाटून मी उठतो. ही गेली तेव्हा तू महिनाभर राहायच्या तयारीने आली होतीस, आणि चौथ्याच दिवशी मी "मला कुणाची गरज नाही" असं म्हणून तुला गाडीत बसवून दिलं. त्यावर तू पत्र लिहिलं नाहीस, मीही नाही. चौदा महिने झाले. त्याबद्दलच लिहायला बसलो होतो, पण सुरुवात कुठून करावी ते सुचेना, म्हणून आधी दुसरंच सांगतो.

सध्या मी नशीब पालटतो आहे. दचकू नकोस, सगळा खर्च मालकांचा आहे. चष्म्याच्या दुकानात मागच्या टेबलावर काचा बसवणाऱ्या माणसाचं तोंड गिऱ्हाइकाला आरशातून दिसतं, आणि माझं तोंड दिसलं की गिऱ्हाईक हातातली फ्रेम ठेवून निघून जातं, असं मालकांचं म्हणणं. (गिऱ्हाईक जातं ते किंमत ऐकून. पण किंमत मालकांची आणि तोंड माझं, तेव्हा दोष कुणाचा हे ठरलेलंच.) म्हणून त्यांनी मला नशीब पालटण्याच्या सहा आठवड्यांच्या क्लासला घातलं. शिकवणारे गृहस्थ तिशीचे आणि अखंड हसतमुख. एकदा दाढ सुजली होती तरी त्याच गालाने हसत होते. संधी रोज दाराशी येते, पण आपण आतून "कोण आहे?" म्हणून खेकसतो आणि ती बिचारी परत जाते, असा त्यांचा सिद्धांत. तेव्हा यापुढे कुणालाही, कशालाही नाही म्हणायचं नाही. मी त्यांचं नाव होकारबुवा ठेवलं.

पहिला गृहपाठ आरशासमोर उभं राहून "तू भाग्यवान आहेस, सगळं तुझ्याकडे चालत येतंय" असं दहा वेळा म्हणण्याचा होता. घरी म्हणून पाहिलं, पण रिकाम्या घरात स्वतःचाच आवाज ऐकून अंगावर काटा आला. म्हणून दुकानात म्हणायला घेतलं. दुकानात अकरा आरसे आहेत. त्यांतल्या कुठल्या आरशात माझ्या डोळ्यांना डोळे भिडले कुणास ठाऊक, पण फ्रेम लावून पाहणाऱ्या एका बाईंना ते वाक्य स्वतःला उद्देशून वाटलं आणि त्यांच्या यजमानांनाही तसंच वाटलं. माझ्याकडे चालत आले ते यजमान. मालकांनी मध्ये पडून मला वाचवलं आणि त्यांना एक चष्म्याचं घर फुकट दिलं. भाग्य उजळलं म्हणायचं तर त्यांचं.

मग रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत टिपायच्या. माझी वही तुला दाखवायला हवी. सोमवारी दूध नासलं नाही, छत्री विसरलो ती जागेवर सापडली, आणि दिवसभर कुणी काही बोललं नाही. ही तिसरी चांगली धरावी की वाईट, यावर मी बराच वेळ घालवला आणि शेवटी तशीच ठेवली, कारण तिच्या जागी लिहायला दुसरं काही नव्हतं. घरात थोडी मोकळी जागा ठेवा, नशीब जागा पाहून येतं, असंही होकारबुवा म्हणाले. माझ्या घरात दुसरं आहे काय?

खरी मजा रस्ता बदलण्याच्या गृहपाठाने झाली. कामाला रोजच्या वाटेने न जाता नव्या वाटेने जायचं होतं. गेलो. एका कोपऱ्यावर एक गाडी उभी होती. आतला माणूस म्हणाला, "येताय ना? एक जागा आहे." नाही म्हणायची बंदी, म्हणून चढलो. गाडीत कुणी बोलत नव्हतं, तेव्हा संधी मोठी असणार असं वाटलं. उतरलो तर एका घरापुढे चपलाच चपला. भूगोलाचे कुणी निवृत्त मास्तर वारले होते. सकाळी त्यांना पोचवून झालं होतं आणि आता ओळखीचे भेटायला जमत होते. मागे फिरायला वाव नव्हता. मी आपला भिंतीला टेकून बसलो. समोरच्या टेबलावर मास्तरांचा चष्मा पडला होता, आणि त्याची डावी काडी ढिली होती. तू मला ओळखतेस. खिशात बारका स्क्रू ड्रायव्हर असतोच. पाच मिनिटं हात आवरला, मग काडी घट्ट करून टाकली.

मास्तरांच्या बायकोने ते पाहिलं. "कधीपासून म्हणत होते, आवळून आणायची आहे म्हणून," ती म्हणाली, आणि मी त्यांचा कोण, असं तिने विचारलं. मी म्हटलं, चष्मेवाला. "म्हणजे तुम्हीच का ते? चष्मेवाल्याकडे जाऊन येतो म्हणायचे आणि दोन-दोन तास गप्पा मारून यायचे!" तो चष्मेवाला मी नव्हे, हे सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. (नाही म्हणायची बंदी होती ना.) तिने मला शेजारी बसवलं, दोनदा चहा दिला आणि मास्तरांच्या गोष्टी सांगितल्या. तीन तास मी कुणाचा तरी मित्र होतो. निघताना मला रडू आलं, अक्का. ज्याला जन्मात पाहिलं नाही, त्याच्यासाठी चारचौघांत रडलो. हिच्यासाठी मात्र मी कुणापुढे रडलो नाही, कारण जिच्यापुढे रडता आलं असतं तिला मी हाकलून दिलं होतं. दुकानात पोचलो तेव्हा दुपार टळली होती. मालक खूप बोलले.

असो. पत्र लांबलं. दाजींना नमस्कार सांग. गुडघ्यांना जप, जिने फार चढू नकोस.

तुझा धाकटा,
चष्मेवाला

ता. क. हे पत्र म्हणजे क्लासचा शेवटचा गृहपाठ आहे. ज्याच्याकडे काही मागायची लाज वाटते, त्याच्याकडे एक गोष्ट मागायची. तेव्हा फार मनावर घेऊ नकोस. उत्तर आलं नाही तरी मला गुण मिळतील.

ता. क. दुसरा. क्लास दीड महिन्यापूर्वीच संपला. होकारबुवा गाव सोडून गेले, गृहपाठ तपासणारं आता कुणी नाही. हे मी आपणहून लिहितो आहे, आणि तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीची दोन फाडली. अक्का, चुकलो मी. मला गरज आहे. थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का? "ये" म्हणणार असशील तर तेवढं एक अक्षर पुरे. "नको" म्हणायचं असेल तर मात्र चांगली चार पानं लिही, हव्या तेवढ्या शिव्या घाल. मी पुरवून पुरवून वाचीन.