मोगऱ्याचा ताण

बाबा, या जानेवारीत तुमचा मोगरा मी जवळजवळ मारलाच होता. कुणाला तरी सांगायला हवं, आणि ते कळणारं माणूस तुमच्याशिवाय दुसरं नाही, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. लोधीपुऱ्यातल्या या घराची गच्ची आता कुंड्यांनी भरलीय. जास्वंद आहे, शेवंती आहे, कण्हेर आहे, आणि तुम्हाला न आवडणारी बोगनवेलही आहे. तिला तुम्ही नुसता देखावा म्हणायचात, पण इथल्या मे महिन्यात सगळ्यांनी माना टाकल्या तरी तीच हसत उभी असते, आता बोला. तुमच्या हातचा मोगरा मात्र एकच उरला होता. बाकीचे एकेक करून गेले, आणि हा जिवंत होता खरा, पण गेली कित्येक वर्षं त्याला पानांपलीकडे काही सुचत नव्हतं. उन्हाळ्यात चारदोन फुलं द्यायचा, तीही उपकार केल्यासारखी. हा कागद ओळखलात का? तुमच्या मिलमध्ये दिवाळीला वाटायचे त्या पिवळट कागदांच्या गठ्ठ्यातला आहे. शाई अजूनही तशीच पसरते.

मला मिलच्या क्वार्टरचं मागचं अंगण आठवतं. तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे, बुडाला खिळ्याने पाडलेली भोकं, सात डब्यांत सात मोगरे. संक्रांत झाली की तुम्ही झारी धुऊन पुसून दारावरच्या उंच खिळ्याला टांगता आणि घरात जाहीर करता, आजपासून ताण. आजोबांच्या जळगावकडच्या मोसंबीच्या बागेची ही रीत. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, वरची माती उकरून मुळांना ऊन दाखवायचं, आणि झाड पुरतं हबकलं की मग शेणखत आणि पोटभर पाणी. म्हणजे ते जीव तोडून फुलतं. बाग सोडून तुम्ही कागदाच्या मिलमध्ये आलात, पण बागेची रीत काही सोडली नाहीत. पाळीवरचे तुमचे सोबती हसायचे, डब्यातल्या झाडाला कोणी ताण देतं का म्हणून. मार्चमध्ये तेच लोक ओंजळ पुढे करून कुंपणाशी उभे राहायचे. पहिल्या दोन कळ्या मात्र कुणालाच मिळत नसत. त्या तुम्ही स्वयंपाकघरातल्या माठात सोडायचात आणि आईला म्हणायचात, पाणी पिऊन बघ.

मी नऊ वर्षांची असतानाची गोष्ट. तुमची मिलमधली सकाळची पाळी. दुपारी आई लवंडलेली, अंगणात सात मोगरे सुकून चाललेले, आणि ते मला बघवत नाही. झारीपर्यंत माझा हात पोचत नाही, पण शाळेची पाण्याची बाटली आहे ना. रोज शाळेतून येताना मी ती भरून आणते आणि सातही डब्यांना थोडं थोडं पाजते. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की आत पळते. दहाबारा दिवस हे चाललं. फार मोठं पुण्य करत असल्यासारखं वाटायचं मला. तुम्ही संध्याकाळी चष्मा लावून एकेका डब्यापाशी बसायचात आणि चक्रावून जायचात. पानं काही गळेनात. शेवटी तुम्ही ताण मोडला, खत घातलं, आणि त्या वर्षी सात डब्यांना मिळून एक कळी आली नाही. नुसतं हिरवंगार रान.

मार्चच्या त्या सकाळी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून आईला बोललात. तांदळाचं धुवण तूच ओतलंस, मी हात लावू नको म्हटलं होतं, एवढंसं ऐकवत नाही का तुला, असं पुष्कळ. मी ताटात मान खुपसून बसले होते. आईने तव्यावरची भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणाली, "चुकलं." बस. ते वर्षभर माठात कळी नव्हती, आणि मी पाणी प्यायला गेले की माठाकडे बघायची नाही. तुम्ही पुढे त्या मातीलाही दोष दिलात. सायकलवर पोतं बांधून नदीकाठचा गाळ आणलात, वाटेत पडलात, गुडघा फोडून घेतलात. बिचारी माती, आणि बिचारे तुम्ही. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं.

आता यंदाचं ऐका. आई ऐंशीच्या पुढे गेलीय. दिवाळीत एकदा पाणी पिताना ती सहज म्हणाली की माठातलं पाणी कसं नुसतं पाणी लागतं. तेव्हाच मी ठरवलं, या संक्रांतीला ताण द्यायचा. झारी धुतली, पुसली आणि खिळ्याला टांगली. आईला ते मुळीच पटलं नाही. तुम्ही गेल्यापासून त्या मोगऱ्याला रोज पाणी घालणं हेच तिचं काम होतं, आणि तेच मी काढून घेतलं. "झाडाले उपाशी मारून राहिली तू," ती म्हणाली, "अन् त्याइचं एकच तर उरलं." दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. गच्चीच्या दारात खुर्ची टाकून मोगऱ्याकडे तोंड करून बसायची. खालच्या मजल्यावरच्या वहिनी, निंबोल्याच्या केळीवाल्यांच्या घरातल्या, कपडे वाळत घालायला वर आल्या, काटक्या झालेलं झाड बघून हळहळल्या. "दीदी, ये तो गया. मी नर्सरीतून दुसरा आणून देते ना." आईने माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका.

मलाही धास्ती होती, बाबा. डब्यातली सात झाडं असताना ताण देणं वेगळं, आणि एकुलत्या एका म्हाताऱ्या झाडाला देणं वेगळं. तेराव्या दिवशी माती उकरली, मुळं उघडी केली, दोन दिवसांनी शेणखत घालून पाणी सोडलं. मग रोज सकाळी चहा हातात घेऊन काटक्या न्याहाळायच्या. आठवडा गेला, काही नाही. दहा दिवस गेले, काही नाही. मी शाळेत मुलांना गणित शिकवताना फळ्यावर चुका करायला लागले. आणि एक दिवस मी आंघोळ करत असताना आईने बाहेरून दार वाजवलं, इतकं की मला वाटलं पडली बिडली. ती म्हणाली, "बाहेर ये, फुटलं." ओल्या केसांनी धावले. ज्वारीच्या दाण्याएवढे हिरवे कोंब, खालपासून वरपर्यंत. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहून वेड्यासारख्या हसलो. पुढे मार्चमध्ये तो असा फुलला की खालच्या वहिनी परात घेऊन आल्या. दुसरा मोगरा आणायची गोष्ट आता त्या काढत नाहीत.

पहिल्या दोन कळ्या आईने स्वतः माठात सोडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेलाभर पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "क्वार्टरवर त्या वर्षी पाणी तू घालत होती. मले ठाऊक होतं." मग तू बाबांचं बोलणं का ऐकून घेतलंस, मी विचारलं. ती म्हणाली, "ते तुले रागावले असते तर तू पुन्हा झाडापाशी गेली नसती." एवढं बोलून ती भाजी निवडायला बसली. मी गच्चीवर जाऊन पोटभर रडले, पण ते रडणं वाईट नव्हतं.

तर बाबा, त्या वर्षी धुवण नव्हतं आणि मातीही चांगली होती. ती मी होते. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये. घडी घालून खुरप्याच्या डब्यात ठेवेन. पण आता कबूलच करायला बसलेय तर एक राहिलं. मी गच्चीवरून परतले तेव्हा भाजी निवडता निवडता आईने विचारलं, यंदा तरी नाही ना घातलं पाणी? मी नाही म्हणाले. खरं म्हणजे नवव्या दिवशी दुपारी आई झोपलेली बघून मी अर्धा पेला पाणी घेऊन कुंडीपाशी गेले होते. बघते तर माती एका बाजूने आधीच ओली होती. मी आईला काही विचारलं नाही. माझा अर्धा पेला दुसऱ्या बाजूने ओतला.