टाकांची पूजा

१३ जून २००४, रविवार
यांना पुन्हा झटका — पाण्याच्या लॉरीपाशी, रांगेत. हात छातीवर, अंगभर घाम. "कमल, मी चाललो गं." इस्पितळात ईसीजी नॉर्मल. महिन्यातला तिसरा. हृदय चांगलं आहे, देवा, तुझे उपकार.

१६ जून, बुधवार
मनाच्या डॉक्टर, सीतालक्ष्मी. त्यांनी यांना विचारलं, "भीती वाटते? वाईट वाटतं?"
"छातीत गच्च होतं."
"आणि मनात?"
"मनात काय? छातीतच."
सासूबाई गेल्या तेव्हाही हे पोट दुखतंय म्हणून झोपून होते.
मला बाजूला घेऊन म्हणाल्या, काहींना आतलं ओळखताच येत नाही, मग सांगणार काय? जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारत जा. बाईंनी विचारलं तेव्हा हे 'नाही' म्हणाले होते. म्हणाल्या, विचारल्यानं तसलं काही डोक्यात शिरत नाही.
देवाच्या घरात असलं अभद्र? नाही विचारलं.

१८ जून, शुक्रवार
झटका नाही. किती शांत आहेत हे! आज मला टाकांची पूजा शिकवली. सव्वीस वर्षांत कुणाला हात लावू दिला नव्हता. आधी खंडोबा, मग भवानी, पुसायचं कापड वेगळं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर क्रम लिहून दिला.
शेजारच्या अलमेलू मामी म्हणाल्या, "भाग्य गं तुझं. आमचे गंधसुद्धा उगाळू देत नाहीत."
खरंच भाग्य.

२० जून, रविवार
सगळी पूजा न बघता केली. हे म्हणाले, "झालं. आता तुझं काही अडायचं नाही."
वात सारखी करता करता हात थांबला. माझं कशाला अडेल? हे असताना?
तिथंच विचारलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं, सरळ.
टाकांकडे बघत म्हणाले, "हो. रोज. छातीतलं थांबावं, एवढंच."
बसची वाट पाहिली नाही, ऑटो केली. रविवार असून बाई आल्या. औषध बदललं. एकटं सोडायचं नाही, दोन दिवसांनी पुन्हा बोलावलंय.
देवा, शांत आहेत म्हणून तुझे आभार मानत होते मी. आज विचारायची बुद्धी दिलीस, हे खरे आभार.

२५ जून, शुक्रवार
क्रमाचा कागद फाडला. यांना सांगितलं, पूजा विसरले, तुम्हीच करा. खोटं बोलले, क्षमा कर.
हे ताम्हन आपटून म्हणाले, "मला राग आलाय."
छातीत नाही म्हणाले. राग म्हणाले.