भोंग्याची वायर

गुरुजी, रविवारी शाळंच्या भोंग्याची वायर मीच तोडली. आणि सातवीत असताना तुमच्या घंटंचा हातोडाबी मीच पळवलेला. तवा तुम्ही वर्गात येऊन म्हणालासा, "ज्यानं नेलाय त्यानं आणून ठेवावा. मी इचारणार न्हाय." मी शेजारच्याला कोपर मारून हसत हुतो. हातोडा गावला न्हाय, बोल तुम्हाला बसला, आणि शाळंनं विजेचा भोंगा आणला. पुढल्या साली तुम्ही गेलासा.

आता ऐका. आत्याची पोरगी आलीया. आत्याचा मालक फौजेत, सगळी तिकडं सीमेजवळ राहायची. तोफा सुरू झाल्या, शाळा बंद पडली. भोंगा झाला की तळघरात पळायचं, एवढाच अभ्यास राहिला. इथं नववीत नाव घातलं. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीचा भोंगा झाला, पोरं डबं घेऊन भाईर, आणि ही बाकाखाली. मग थेट घर. रोज तेच. पोरं तोंडानं भोंगा काढून चिडवत्यात. हेडमास्तर आत्याला म्हणालं, "ताई, हजेरी भरंना. असंच चाललं तर नाव कमी करावं लागंल." पोरगी मला म्हणती, "दादा, मी नाही पळत. पाय पळतात."

मग काय, मी कामाला हाय त्या गॅरेजातली पक्कड घेतली आणि चढलो शाळंच्या पत्र्यावर.

सोमवारी शिपाईमामांना म्हटलं, "उंदरं लई झाल्यात शाळंत." मामा म्हणालं, "व्हय की. पक्कड घिऊन फिरत्यात." मी हातोडा पुढं केला, म्हटलं भंगारात गावला. तुम्ही मुठीला गुंडाळलेली सायकलच्या ट्यूबची पट्टी अजून तशीच हाय. मामा तिच्यावरनं अंगठा फिरवत बसलं. शेवटी म्हणालं, "तुझ्या घरात लई जुनं भंगार हाय लगा."

मधल्या सुट्टीला त्यांनी जुन्या घंटंवर टोल दिलं. मी गेटाला धरून नववीच्या दाराकडं बघतोय. सगळी पोरं आली, ही न्हाय. म्हटलं, गेली बाकाखाली. तेवढ्यात डबा घेऊन आली, सावकाश, भिताडाला धरून. "दादा, ही घंटा देवळातल्यासारखी वाजते रे."

उद्या वायरमन येणार हाय. हेडमास्तर म्हणत्यात, गावला तर सोडत न्हाय.

हे पाठवायचं तरी कुठं? पण गुरुजी, पक्कड मी अजून गॅरेजात परत ठेवली न्हाय. पाया पडतो, कुणाला सांगू नगासा. माझा आज्जाबी तितंच वर असंल, त्याला तर न्हाईच न्हाई. त्याच्या पोटात काय राहत न्हाय.