दसऱ्याला घासलेलं वजन

पौड, मंगळवार, १२ नोव्हेंबर १९५७

आज तपासनीस साहेबांनी दुकानातलं माझं पितळी शेराचं वजन त्यांच्या प्रमाण वजनाशी तोललं. माझं पारडं वर गेलं.

"कशानं घासता हो?"

दर दसऱ्याला पूजेआधी चिंच आणि राखेनं. वीस वर्षं. म्हणजे माझ्या पूजेनंच ते झिजलं? लबाडी नव्हती, पण तांदूळ कमीच गेला ना? ते वर गेलेलं पारडं डोळ्यांसमोरून हलेना.

संध्याकाळी जुन्या गिऱ्हाईक काशीबाईंना जाऊन सांगितलं. म्हणाल्या, "पुडी हलकी लागायची, अण्णा. पर तुमी देवमाणूस. म्हनलं, माजाच हात म्हातारा झाला."

नवं वजन येईपर्यंत तांदूळ तोलला की आधी त्यांच्या हातात देईन. त्या 'व्हय' म्हणाल्या, तरच पुडी बांधीन.