प्लास्टिकमधला हात

भुकूम, मंगळवार संध्याकाळ

भाची सुजाता लॅब टेक्निशियन व्हायला शिकतेय, त्या संस्थेत उद्या सरकारी तपासणी. रक्त काढायच्या सरावासाठी तिथे एक रबरी हात आहे, पण कायम प्लास्टिकमध्ये. तपासणीपुरता उघडायचा, पुन्हा गुंडाळायचा. संचालक आज बजावून गेले, "ताई, पालक म्हणून उद्या गोडच बोला. पोरींनी हात टोचून खराब केला, तर सायबाला दावायचं काय?"

"आणि उद्या पेशंटचा हात खराब केला तर?" मी विचारलं.

"त्ये हॉस्पिटल बघंल की!"

सुजाता चिडली. "मावशी, मी अजून एकदाही सुई टोचलेली नाही. कळू दे सगळ्यांना."

पोरीचं सर्टिफिकेट अडवतील? अडवू देत. उद्या साहेबांसमोर माझाच हात पुढे करून म्हणणार, हिला टोचायला सांगा, नाहीतर ते प्लास्टिक फाडून आधी शिकवा. बिनबाह्यांचा ब्लाउज आत्ताच इस्त्री करून ठेवलाय.